शालिनीताईंचा संशय

नाशिक, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी दिवाळीत मागितलेला लेख आज लिहायला घेते आहे. इतके दिवस साधं उत्तरही पाठवलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. घरात दवाखाना चालू होता, आणि त्यात शालिनीताईही होत्या.

ॲड. शालिनीताई यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांना प्रथम पाहिलं ते आमच्या महाविद्यालयात, मुलींना कायद्याची माहिती द्यायला त्या आल्या तेव्हा. पहिलंच वाक्य होतं, "मी सांगते त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका." बाई मला खवचट वाटल्या. पुढे त्या आमच्याच कॉलनीत राहायला आल्या, तरी मी अंतर राखूनच होते.

गेल्या महिन्यात शेजारच्या भाऊसाहेबांचा कुत्रा, टायगर, माझ्या सासूबाईंच्या पोटरीला कडकडून चावला. त्यांच्या फाटकाची कडी नेहमीसारखीच उघडी होती. आरडाओरडा ऐकून ताई आल्या. पोटरीला फडकं गुंडाळलेलं होतं.

"जखमेत काय भरलंय?"

"काहीच नाही," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी फडकं सोडलं. आत लाल तिखट.

सासूबाई सटाण्याच्या. ठसक्यात म्हणाल्या, "घरनं तिखट शे, भेसळ नही!"

ताईंनी त्यांना नळाखाली बसवून साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि रिक्षा बोलावली. सरकारी दवाखान्यात लसीबरोबर जखमेत टोचायचं सिरमही त्यांनीच मागून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "जखमेचे फोटो काढा. केसपेपर जपा. कोणी पाहिलं त्यांची नावं लिहून ठेवा. कुत्रा असा मोकळा सोडला तर पोलिसांत तक्रार करता येते, भरपाईही मागता येते." मनात आलं, बाईंना खटला हवाय.

दहाएक दिवसांनी भाऊसाहेब सफरचंदं घेऊन आले. "वहिनी, टायगरला सगळ्या लशी दिल्यात. कळवणला शेतावर पाठवलाय, मजेत आहे."

सासूबाईंनी निकाल दिला, "मंग पुरे नं ती टोचाटोची!"

यजमानांनाही ते पटलं. दोन्ही घरांत फराळाची ताटं फिरतात. त्यांना खोटं कसं म्हणायचं? भाऊसाहेब चहा घेत होते तोवर मी अर्धवट संशयाने ताईंना बोलावून आणलं.

"मजेत आहे? व्हिडिओ कॉल लावा बरं."

"तिकडे रेंज नाही हो, ताई."

"मग मजेत असल्याचं तुम्हाला कळलं कसं?"

भाऊसाहेबांनी मग खरं काय ते सांगितलं. टायगर आठवड्यातच तोंडाला फेस येऊन मेला होता. पोलिसांच्या भीतीने त्यांनी तो पुरायला लावला होता.

मला वाटलं, आता तक्रारीचा विषय निघणार. ताईंनी विचारलं, "शेतावर त्याला खायला कोण घालत होतं?"

"गड्याची बायको."

"तिला ओरखडा, लाळ, काही लागलं असेल. उठा, गाडी काढा. तक्रारीचं उद्या बघू."

या वयात ताई कळवणला गेल्या आणि त्या बाईंना लस सुरू करूनच परतल्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला पोलीस चौकीतही घेऊन गेल्या. भाऊसाहेबांना आधी सांगून.

भीती टळली म्हणून मी ही स्तुती करते आहे का, असं स्वतःला विचारून पाहिलं. थोडं तसंही असेल. पण शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही सासूबाईंचे पुढचे डोस थांबवणार होतो, हे खरं आहे.

शालिनीताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी आणि त्यांनी आम्हाला असंच खोदून खोदून विचारत राहावं.

उद्या: सासूबाईंना शेवटच्या डोसला नेणे.