स्टॅनिफोर्थसाहेबांच्या दाराशी बसणारी बेरिल

वेल्डममधून हुजूर पक्ष कधीच हरत नाही. पक्षाचा निळा बिल्ला लावून दगड उभा केला तरी निवडून येईल, असं तिथले मजूर पक्षवालेच म्हणतात. खासदार जाइल्स स्टॅनिफोर्थ यांना जवळून पाहिलेल्या माणसाला मात्र त्या दगडाची उगाच बदनामी चालली आहे असं वाटतं.

हा गृहस्थ अस्सल लंडनचा. बाप पेढीवाला, शाळा महागडी, बोलणं लोण्यासारखं. पक्षाने त्याला आणून वेल्डमच्या डोक्यावर बसवलं, तेव्हा मेंढ्यांच्या जत्रेत तो कोरेकरकरीत रबरी बूट घालून आला आणि एडक्याला मेंढी म्हणाला. लोक हसले, आणि मतं त्यालाच दिली. पुढे तो काही महिने मासेमारी खात्याचा उपमंत्री झाला. त्या काळात मासे कमी झाले की वाढले हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वेल्डममध्ये त्याचा सगळा डोलारा बेरिल पार्फिट या बाईने सांभाळला. बेरिल औषधांच्या दुकानात कामाला होती. आई हुजूर पक्षाची म्हणून तीही हुजूर पक्षाची, यापलीकडे तिने कधी विचार केला नव्हता. निवडणूक आली की भर पावसात दारोदार घंट्या वाजवायची, पाकिटं चिकटवायची, सभेला केक करून न्यायची. तिचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. त्याला स्टॅनिफोर्थ डोळ्यांसमोर नको असे. "आला का तुझा तो गुळगुळीत?" असं विचारायचा, आणि बेरिल त्याच्या चहात मुद्दाम साखर कमी टाकायची.

शनिवारी सकाळी खासदार लोकांना भेटायचे. पक्षाच्या कचेरीत माडीवर एक खोली होती. तिच्या दाराशी बेरिल बसायची. आलेल्या माणसाचा कोट घेऊन खुंटीला लावायचा, चहा द्यायचा, नंबर आला की आत सोडायचं. कुणाच्या घराच्या भिंतींना ओल, कुणाचं पेन्शन अडलेलं. साहेब मान तिरपी करून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "माझ्यावर सोपवा." ही त्यांची आणि बेरिलची खूण होती. हे शब्द कानावर आले की बेरिलने उठायचं, खुंटीवरचा कोट काढायचा आणि दारात उघडून धरायचा. समोर कोट धरला की माणूस आपोआप हात घालतो आणि निघतो. त्या कामांचं पुढे काय व्हायचं, हे बेरिलने कधी विचारलं नाही. साहेबांना हजार व्याप, असं ती स्वतःलाच समजवायची.

मग क्लिफर्डला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. वेल्डमच्या छोट्या इस्पितळात त्याला खाट मिळाली. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बेरिल दोन्ही वेळा जाऊन त्याला भरवायची, कारण नर्सने चमचा पुढे केला की तो तोंड मिटून घ्यायचा.

सरकारने छोटी इस्पितळं बंद करायला काढली, त्यात वेल्डमचंही नाव निघालं. रुग्ण हॅनफोर्डला जाणार होते, म्हणजे दोन बस बदलून. मागच्या निवडणुकीत साहेब म्हणाले होते, "माझ्या जिवात जीव आहे तोवर या दाराला कुलूप लागणार नाही." लंडनला जाऊन त्यांनी कुलपाच्या बाजूने मत दिलं. ही पक्षाची शिस्त, असं बेरिलच हिल्डाला समजावत होती. हिल्डा म्हणजे तिची केक करण्यातली जोडीदारीण.

क्लिफर्डला हलवण्याची वेळ जवळ आली तेव्हा एका शनिवारी बेरिलने स्वतःचा कोट लोकांच्या खुंटीला लावला आणि सगळ्यांच्या शेवटी आत गेली.

"बेरिल? तुम्हीसुद्धा रांगेत?" साहेब हसले.

"एकच मागणं आहे, सर. गावातल्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी आहे. आरोग्य मंडळाने हो म्हटलं तर क्लिफर्ड इथेच राहील. तुमचा एक फोन गेला तर ते ऐकतील."

साहेबांनी मान तिरपी केली. सगळं ऐकून घेतलं. "किती सोसता हो तुम्ही," म्हणाले. आणि मग म्हणाले, "माझ्यावर सोपवा."

बेरिल उठली. बाहेर आली, खुंटीवरचा कोट काढला आणि सवयीने दारात उघडून धरला. हात घालायला कुणी आलं नाही. कोट तिचाच होता.

"आणखी कुणी आहे का, बेरिल?" आतून आवाज आला.

"नाही, सर. मीच शेवटची."

तरी तिने वाट पाहिली. आठवडाभराने मंडळात चौकशी केली. फोन कुणाचाच आलेला नव्हता.

शुक्रवारी पक्षाची सभा होती. निवडणूक तोंडावर होती आणि उमेदवाराचं नाव रीतीने सुचवावं लागतं. ते बेरिलने सुचवायचं, मेजर ट्रस्कॉटनी अनुमोदन द्यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवून शेरी प्यायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

"तू आज काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" हिल्डाने हळूच विचारलं.

"कशावरून?"

"केक आणला नाहीस."

बेरिल उभी राहिली. "मी ह्यांच्या दाराशी वर्षानुवर्षं बसले," ती म्हणाली. "तुमच्यातले कितीतरी जण त्या दारातून आत गेले. ह्यांनी 'माझ्यावर सोपवा' म्हटलं की तुम्हाला कोट घालून बाहेर काढायचं काम माझं होतं. मी ते नीट केलं, त्याची मला लाज वाटते. ह्यांचं नाव मी सुचवणार नाही."

साहेबांचं हसू जागचं हललं नाही. "बेरिल, तुमच्या कामात मी लक्ष घालतोय."

"कुणाला फोन केलात?"

त्यांनी चिटणिसाकडे पाहिलं. चिटणिसाने जमिनीकडे. मग मेजरसाहेबांनी घसा खाकरून नाव सुचवलं आणि हात वर झाले. हिल्डाचाही झाला, केस सारखे केल्यासारखा अर्धवट. त्या माणसांना राग येत नाही असं नाही, पण चारचौघांत राग दिसला तर शोभत नाही, या एका भीतीवर असले स्टॅनिफोर्थ जन्मभर निवडून येतात.

बेरिल तडक इस्पितळात गेली. क्लिफर्डची जेवणाची वेळ झाली होती.

"झाला का... उभा?" त्याने विचारलं.

"झाला. मी नाही सुचवलं."

त्याने तोंडातला घास गिळला. "म्हणजे... हॅनफोर्ड."

"सुचवलं असतं तरी हॅनफोर्डच, क्लिफ."

त्याने डाव्या हाताने तिचं मनगट एकदा दाबलं आणि तोंड उघडलं. तिने कुस्करलेला बटाटा पुन्हा चमच्यात घेतला. सोमवारपासून हा चमचा हॅनफोर्डच्या नर्सच्या हातात जाणार होता, आणि त्या हातून तो खाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.