शालनचा चमचा

शालनला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष होत आलं. घरात कुणी तिचा एक किस्सा काढला की मागोमाग चार निघतात.

पलूसला आमच्या रानात ऊसतोड चालू होती. तोडकऱ्यांसाठी चहाची किटली घेऊन मी निघालो, तेवढ्यात शालनच्या तपासण्या केलेल्या सांगलीच्या डॉक्टरांचा फोन आला. मल्टिपल स्क्लेरॉसिस! नसांचा आजार, हातापायांतली ताकद हळूहळू कमी होणार. "खाणं सांभाळा," म्हणाले.

शालननं सगळं ऐकलं. म्हणाली, "एक सांगून ठेवते. मला कुणी भरवायचं न्हाई!" आणि किटली उचलून रानात गेली.

*

मग पाहुणे सुरू झाले. तिच्या नणंदेचे डिंकाचे लाडू, चुलतीचा पायाचा रस्सा, शेजारच्या शबानाभाभींचा खिमा.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"जो येईल त्याचं!"

*

पुढं हात थरथरायला लागला. साताऱ्याहून तिचा धाकटा भाऊ आला, रिटायर सुभेदार. त्यानं चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली.

"ताई, ग्रिप बघ. रायफलसारखी!"

"मग काय रं, आमटीवर नेम धरू व्हय?"

पण तो चमचा तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

*

तिला जेवायला तास लागायचा. आमची ताटं उठायची, माझी आई मात्र तिच्यासोबत बसून राहायची. "माझं दात हाललेत गं. मलाबी चावाय उशीर लागतो."

दोन वर्षं असंच चाललं. एका दुपारी परसात गेलो, तर आई उसाचं कांडं दातानं सोलतेय! मला बघून म्हणाली, "शालनला बोलू नगंस."

तरी मी बोललोच. शालन म्हणाली, "मला लय दिवस ठावं हाय. आत्तींना सांगू नका."

*

सांगलीच्या दवाखान्यातली सकाळ. न्यूमोनियानं ती पार थकली होती. डॉक्टरांनी मऊ खायला परवानगी दिली, म्हणून मुगाची खिचडी नेली होती. तिनं चमचा धरला, मग ताटलीत ठेवला.

"आवं, आज तुमी भरवा."

मी चमचा उचलून पुन्हा तिच्याच हातात दिला. "खा तुझ्या हातानं. मला कुठं घाई हाय?"

ती माझ्याकडं बघून हसली. चार घास खाल्ले, अर्धा तास लागला. मी बाहेर येऊन मेव्हण्याला फोन लावला, "चार घास! स्वतःच्या हातानं!"

त्यानंतर ती जेवली नाही. तिला भरवायचं राहून गेलं.