वीरगळाला टेकलेली पाठ

आमच्या वारसा मंडळाच्या फेरीत आम्ही सातआठ जण देवळामागच्या वीरगळापाशी पोचलो, तर एक बाई त्याला पाठ लावूनच बसल्या होत्या. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा तो कोरीव दगड. गावाने शेंदूर फासून त्याचा देव केलेला. बाईंची नजर आमच्या टोप्यांवरून, कॅमेऱ्यांवरून अशी काही फिरली, की मी उगाचच स्वतःचे खिसे चाचपले.

"मावशी, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय," आमचे कार्यकर्ते सुधीरराव मधाळ आवाजात म्हणाले.

"मागं आलेलेबी असंच गोड बोलले. फोटो काढला, आन् महिन्याभरात शेजारचा दगड गायब."

शेजारी खरंच खड्डा होता. सुधीररावांना ते लागलं. "अहो, आम्ही जतन करणारी माणसं."

"त्येबी हेच म्हनत हुते."

मला आतून गुदगुल्या झाल्या, आणि मी हळूच आपल्याच मंडळींकडे बघू लागलो. यातल्या निम्म्यांची आडनावंही मला ठाऊक नाहीत. दगडावर जीव टाकणारा आणि दगड पळवणारा, दोघंही त्याच्यापुढे सारखेच वाकतात, सारखाच मायेने हात फिरवतात. बाईंनी ओळखायचं कशावरून? माझ्यावरून तर मुळीच नको. माझा चेहरा पहिल्यापासून लबाड.

बाई काही हलेनात. सुधीररावांनी कॅमेरा वर केला. "मग तुम्हीही येणार बघा फोटोत."

बाईंनी पदर सारखा केला आणि पाठ दगडाला आणखी घट्ट टेकवली.

"येऊ दे की. बघनाऱ्याला कळू दे, हितं कोन बसतंय त्ये."