भिंतीवरचा पासवर्ड

पासवर्ड भिंतीवर गेरूने लिहिलेला होता. अक्षरं इतकी मोठी, की गाडी स्टँडवर लावता लावताच मला तो दिसला. एक वायफायचा, आणि खाली राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड. दोन्ही गेल्या खेपेला, नेटची लाइन जोडायला आलो तेव्हा, मीच टाकून दिले होते. कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला.

एकोडी गावाकडचं घर, मागे तलाव, हिवाळ्यातली दुपार. भिंतीला टेकून अर्धा मोहल्ला उन्हात बसलेला, हातात मोबाइल, नेट यायची वाट पाहत. पाण्यावर धूसर उजेड होता. मलाही तिथेच बसून डोळे मिटावेसे वाटले. पण दारात प्रज्ञा उभी होती, रडकुंडीला आलेली. तिचं नर्सिंग झालं होतं. नागपूरच्या एका हॉस्पिटलचा इंटरव्ह्यू थोड्याच वेळात मोबाइलवर होणार होता, आणि नेट सकाळपासून गायब.

मी लॅपटॉपवर राउटरचं सेटिंग उघडलं. त्यातलं वॅन म्हणजे बाहेरची लाइन राउटरमध्ये शिरते ती जागा. तिथे ग्राहकाचं युजरनेम भरावं लागतं. भिंत वाचून कोणीतरी आत शिरलं होतं आणि ते पुसून बसलं होतं. मी ते पुन्हा भरलं, दोन्ही पासवर्ड बदलले. हिरवा दिवा लागला.

"आबाजी, भिंतीवर काहून लिहिलं?" मी प्रज्ञाच्या आजोबांना विचारलं.

"सारे विचाराले येत. किती डाव सांगू?"

"आता कोणाले देऊ नका."

"दारी आलेल्याले नाही म्हनाव का, बापू?"

मग मी गेस्ट चालू केलं, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय. तिथून सेटिंगला हात लावता येत नाही. त्याचा पासवर्ड बाहेर सांगितला, तसे सगळे जोडले गेले. पण लाइन एकच, स्पीड वाटला जातोच. म्हटलं, इंटरव्ह्यू होईपर्यंत गेस्ट बंद ठेवतो.

"बंद कायले करता? पाळी लावतो न मी."

आबाजींची उमेदीची वर्षं तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाळीपाळीने सोडण्यात गेली होती. ते बाहेर गेले. "आता पाळी प्रज्ञाची. बाकीच्यांनी बंद करा."

माझा विश्वास नव्हता. बोट बंदच्या बटणावर ठेवूनच बसलो. पण स्क्रीनवरच्या यादीतून जोडलेले मोबाइल एकेक करून गळत गेले, आणि प्रज्ञा एकटी उरली. बाहेरचं कोणी उठलं मात्र नाही. मोबाइल खिशात घालून सगळे गप्प बसून राहिले. एक आजी डुलक्या घेत होती. तलावावर बदकं उतरत होती आणि आतून प्रज्ञाचा आधी दबका, मग जरा धीट झालेला आवाज येत होता. ती दुपार संपूच नये असं मला वाटलं.

प्रज्ञा बाहेर आली. "आवाज कुठंच तुटला नाही, आबाजी."

तिला नोकरी लागली. आता ती नागपूरहून रोज त्याच लाइनवर आबाजींशी बोलते.

नंतर एका कंप्लेंटवरून परतताना मी मुद्दाम त्या घरावरून गेलो. भिंतीवर गेस्टचा पासवर्ड गेरूने लिहिलेला होता. त्याखाली: 'आज दुपारी शेजारच्या सोनूची परीक्षा. बाकीच्यांनी बंद.' अ‍ॅडमिन पासवर्ड तेवढा नव्हता. मी दोनदा पाहिलं.