झेरॉक्स काढा, पुढे द्या

माझ्या मावसबहिणीच्या हाती लागलेला एकही कागद आजवर सपाट राहिलेला नाही. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर उद्या पाणी बंद राहणार असल्याची सोसायटीची नोटीस असो, बोलता बोलता तिची बोटं त्याची घडी घालायला लागतात. आधी दोन भाग, मग चार, मग आठ, मधोमध कात्रीचा एक छेद, आणि बघता बघता त्या कागदाचं तळहाताएवढं पुस्तक होतं. असल्या पुस्तकाला झीन म्हणतात, हे मला तिनेच शिकवलं. बायकांनी आपल्या मनातलं आपल्या हाताने लिहायचं, चित्रं काढायची, झेरॉक्स मारून हातोहात वाटायचं. प्रकाशक नाही, संपादक नाही, आणि "हे काय चारचौघांत सांगायचं असतं?" असं विचारणारा नवरा नाही. तिचा नवरा लवकर गेला, हा भाग वेगळा. पूर्वी तिच्या या गोष्टी मी घरोघरी हसत हसत सांगायची. हल्ली सांगायला बसले की मध्येच विषय बदलते.

बोरिवलीच्या एका शाळेत ती चित्रकलेची बाई होती आणि राहायला चारकोपला, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. निवृत्त झाल्यावर बायका गुडघे दाखवायला जातात, तीर्थयात्रा काढतात. हिने चाळिशीचा चष्मा, गोंदाची बाटली आणि काळ्या शाईची पेनं घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठाण मांडलं. भाजी ओट्याच्या उरलेल्या कोपऱ्यात. तिच्याकडे जेवलेल्या प्रत्येकाच्या पोटात थोडाफार गोंद गेलेला आहे. इंडस्ट्रियल इस्टेटजवळच्या झेरॉक्सवाल्याने तर तिचा धसकाच घेतला होता. एकदा त्याच्या मशीनने पानाची शेवटची ओळ कापली. "मॅडम, एक लाइन गेली तर काय होतं," तो म्हणाला. ही भर दुकानात कडाडली, "मेल्या, ती एक लाइन सांगायलाच तर बाकीचं लिहिलं ना!" त्याने निमूटपणे सगळी पानं पुन्हा काढून दिली.

एका लग्नात तिने जेवणाच्या मेनूकार्डाचं झीन केलं. आत, पंगत वाढणाऱ्या बायका शेवटी काय जेवल्या, याची चित्रं होती: तळाचा भात, मोडलेले पापड, संपलेल्या बासुंदीचं पातेलं. वरपक्षाचे एक काका तिला समजवायला आले, तशी तिची मालवणी बाहेर पडली. "माका शिकवू नको. तू पयल्या पंगतीत बसलंस मां?" काका सटकले. थोड्या वेळाने नवऱ्यामुलाची आई हळूच येऊन "मला एक द्या ना" म्हणाली आणि ते झीन तिने ब्लाउजमध्ये खोचलं.

अंधेरीला एका हॉलमध्ये अशा झीन करणाऱ्या मुलींचा मेळावा भरतो. केस बारीक कापलेल्या, कापडी पिशव्या घेतलेल्या पोरी लांबलचक टेबलांवर आपापली पुस्तकं मांडून बसतात. गोवंडीहून काही मुली येतात. सार्वजनिक संडासाला जाताना कोण कोणाची राखण करतं, याचं त्यांचं झीन पाहून मी, बँकेत जन्म काढलेली बाई, तिथेच खुर्ची ओढून बसले. तिथे विक्रीपेक्षा अदलाबदल जास्त. तुझं एक मला, माझं एक तुला. माझ्या बहिणीला पहिल्यांदा सगळ्या आंटी म्हणाल्या. तिने तंबी दिली, "आंटी असेन तुमच्या सोसायटीत. इथे अगं म्हणा." तेव्हापासून वीस वर्षांच्या पोरी साठीच्या बाईला "अगं, कात्री दे ना यार" म्हणू लागल्या आणि ही लाजून लाल व्हायला लागली.

झीनवर ती स्वतःचं नाव कधी घालायची नाही. मागच्या पानावर मात्र तिच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ ठरलेली असे: झेरॉक्स काढा, पुढे द्या. त्या ओळीचा तिला फार अभिमान होता. त्याच ओळीने तिची वाट लावली.

तिला एकच मुलगी. मुलुंडला दिलेली. एका सकाळी ही मुलगी सासर सोडून आली. ऑफिसची बॅग खांद्याला, आणि घट्ट मिटलेल्या मुठीत त्या घरच्या कुकरची शिट्टी. वर्षभर जे काय सोसलं ते सोसलं, निघताना तिने तेवढीच एक वस्तू उचलली होती. आईला सगळं सांगून ती झोपली, ती दुपार उलटली तरी उठली नाही. आई उशाशी बसून राहिली आणि बसल्या बसल्या तिने झोपलेल्या लेकीचं चित्र काढलं. उशीवर पडलेली वेणी, लहानपणी पाळण्याच्या कडीवर आपटल्याने तुटलेली उजवी भुवई, उघडलेल्या तळव्यात शिट्टी. इतकं चांगलं चित्र तिच्या हातून आधी कधी उतरलं नव्हतं, नंतरही नाही. चित्राभोवती तिने मुलीची हकीकत लिहिली, आठ पानं केली, 'शिट्टी' असं नाव दिलं आणि अंधेरीच्या मेळाव्यात वाटली. लेकीला विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. आपण तिची बाजू घेतोय, याच आनंदात ती होती.

काही दिवसांनी मुलीच्या ऑफिसात एका मैत्रिणीने ते झीन तिच्या टेबलावर ठेवलं. "ही भुवई तुझीच ना गं?" ऑफिसात तिने कोणाला काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. आईने तिच्यासमोर मूळ चित्राचे तुकडे तुकडे केले, हात जोडले. मुलगी बॅग भरत राहिली. दारात चपला घालताना म्हणाली, "आई, जेवढ्या वाटल्यास ना, तेवढ्या सगळ्या परत आण. मग मला हाक मार." आणि घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलतं. पण माझ्या बहिणीने जन्मभर प्रत्येक गोष्ट शब्दशः घेतली आहे, हीसुद्धा घेतली.

तेव्हापासून मेळाव्यात आपलंच झीन परत मागत फिरणारी ती एकटीच बाई. एका 'शिट्टी'च्या बदल्यात ती आपलं अख्खं टेबल देऊ करायची. खरं कारण ती सांगणार नाही, कारण ते पुन्हा लेकीचंच गुपित. पोरींना वाटलं, ही काहीतरी नवी कला आहे. "काय भारी कॉन्सेप्ट आहे यार!" असं म्हणत दोघीतिघी बाहेर पळाल्या, कोणाकडची तरी 'शिट्टी' झेरॉक्स करून घेऊन आल्या आणि बदल्यात तिची सुंदर झीनं उचलून गेल्या. त्यांचं काय चुकलं? मागच्या पानावर तिनेच तसं करायला सांगितलं होतं. ती जितक्या गोळा करी तितक्या नव्या निघत. मी चिडून म्हटलं, "अगं, हे विहीर उपसण्यासारखं आहे, सोड आता." तर म्हणाली, "उपसल्याशिवाय तळ कसा दिसणार?"

परत आणलेल्या प्रतींचं ती काय करायची? आमच्या आया करायच्या तेच. मेथीदाण्यांबरोबर कागद भिजत घालायचे, मिक्सरमधून बारीक वाटायचे, आणि तो लगदा पातेल्यावर थापून टोपल्या करायच्या. आमच्या नात्यात असं घर उरलं नाही जिथे तिची टोपली नाही. माझ्याकडच्या टोपलीत मी लसूण ठेवते. त्या दुःखाच्या टोपलीत लसूण ठेवायला मला बरं वाटत नव्हतं, पण रिकामी ठेवणं त्याहून अवघड होतं.

मी भाचीला फोन करायची. ती माझ्याशी बोलते. "मावशी, आईने खोटं लिहिलं असं मी म्हणतच नाही," ती एकदा म्हणाली. "पण ते माझं होतं ना गं. मला सांगायचं होतं की नाही, हे तरी मला ठरवू द्यायचं." इतरांच्या घरच्या गप्प बायकांना बोलतं करणाऱ्या माझ्या बहिणीला हे कळू नये, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यातल्या मेळाव्याला मी तिच्याबरोबर पिशव्या धरायला गेले होते. एका अनोळखी मुलीच्या टेबलावर 'शिट्टी' होती. बहिणीने मागितली, तशी मुलीने लगेच देऊन टाकली. "घे ना, माझ्याकडे अजून आहे." बहिणीने ती उघडली आणि उघडीच धरून उभी राहिली. मी वाकून पाहिलं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असं होत होत ते चित्र उडून गेलं होतं. वेणी नाही, भुवई नाही. उशीवर नुसता काळा डाग. तळव्यातली शिट्टी तेवढी ओळखू येत होती.

"ही कोण आहे गं?" बहिणीने त्या मुलीला विचारलं.

"काय माहीत. कोणीही असू शकते ना," मुलगी म्हणाली. "म्हणून तर मला आवडतं."

मला तर सुटल्यासारखं झालं. मी तिचा दंड धरून म्हटलं, "अगं, संपलं! आता कोण ओळखणार हिला? आजच लेकीला कळवूया." ती जवळच्या खुर्चीत बसली. झीन मांडीवर ठेवून त्या काळ्या डागावरून अंगठा फिरवत राहिली. "चेहरा गेला गं तिचा," म्हणाली, आणि त्या सगळ्या पोरींसमोर रडली.

मीच भाचीला फोन करून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "भुवईसुद्धा गेली?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला. अजून ती चारकोपला आलेली नाही.

त्यानंतर आठवड्याभराने बहीण सकाळीच माझ्याकडे आली. चहा नको म्हणाली. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने टोपलीतला लसूण ओट्यावर ओतला आणि टोपली खिडकीशी, उजेडात नेली. चष्मा नाकावर नीट बसवून, टोपली डोळ्यांसमोर धरून ती इंच इंच फिरवत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दुपारचं ते चित्र आता जगात कुठेच नव्हतं. मूळ तिने फाडलं होतं आणि सुरुवातीच्या स्वच्छ, ठळक प्रती तिने स्वतः शोधून शोधून मिक्सरमध्ये वाटल्या होत्या.

"आठवून काढायला बसते गं," ती टोपलीकडेच बघत म्हणाली. "पण हाताला येत नाही. मिक्सरमधून एखादा तुकडा तरी नीट न वाटता राहिला असेल ना?"

"असेल," मी म्हटलं.

हल्ली ती नातेवाइकांकडे आपल्या टोपल्या परत मागत फिरते. लोक नवल करतात, पण देतात. माझीही घेऊन गेली. लसूण मी अजून ताटलीतच ठेवते.