पंक्चर काढलेला टायर आणि रविवारचा ट्रॅक

टायरच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, साचतात. पंक्चर झालेला माणूस अर्धा तास कुठेही जाऊ शकत नाही, आणि अडकलेला माणूस बोलतोच! पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हसुदादा कोळ्याचं असं दुकान आहे. मी तिथे रोज सकाळी बसतो. मी रबर या विषयात डॉक्टरेट केली, आयुष्यभर तेच शिकवलं. निवृत्तीनंतर माझं ऐकून घेणारं हे एकच ठिकाण उरलं आहे.

मात्र या वेळचे किस्से एका प्रश्नाभोवती जमले. तो प्रश्न माझ्याच घरातून आला.

माझी मुलगी मुक्ता दातांची डॉक्टर आहे. कामोठ्यात दवाखाना चालवते आणि सुटीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर कार पळवते! बुधवारी तिच्या गाडीच्या पुढच्या टायरमध्ये स्क्रू घुसला. हसुदादाने पंक्चर काढलं. रविवारी ट्रॅक.

"बाबा, हा टायर ट्रॅकवर चालेल ना?"

"ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे."

"माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा कसा वाटला विचारलं, तेव्हाही हेच म्हणाला होतात!"

जावई समोरच उभा होता. तो टायरकडे बघू लागला.

*

दोष माझ्या स्वभावाचा आहे, हे कबूल करतो. एकदा एका ट्रेलरवाल्याने विचारलं, "साहेब, हा टायर न्हावा शेव्यापर्यंत जाईल का?"

मी त्याला आतल्या तारा, भार, उष्णता असं सगळं समजावून सांगितलं. मनात आलं, एखादा मुद्दा राहिला तर? म्हणून पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. तोवर हसुदादाने चाक उतरवलं, ठिगळ लावलं, चाक परत चढवलं.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढता चढता म्हणाला, "साहेब, पहिल्यांदा विचारलं तेव्हाच निघालो असतो, तर आता गाडी रिकामी करून परत आलो असतो!"

*

हसुदादाचं तसं नाही. मुक्ता बुधवारी घाईत होती. "दादा, बाहेरूनच भोकात रबराची वात घाला ना, चाक कशाला उतरवता?" म्हणाली.

त्याने हातातली पकड खाली ठेवली. "ताई, तुमी पेशंटचा दात वरून बगता आनि सिमेंट भरता काय? आतली कीड कोन बगनार?"

हसुदादाने टायर रिमवरून काढला, आतून हात फिरवला, भोकात रबर भरून आतल्या बाजूने ठिगळ चिकटवलं. भोक अगदी मधोमध होतं, कडेपासून लांब.

"रस्त्याला बिनधास्त पळवा. ट्रॅकचं मला म्हाईत नाय. ते सरांना इचारा."

म्हणजे चेंडू पुन्हा माझ्याकडे.

*

ट्रॅकवर टायरचं काय होतं, हे मी पुस्तकांतून चाळीस वर्षं शिकवलं. प्रत्यक्ष एकदाच पाहिलं. मागच्या वर्षी मुक्ता मला घेऊन गेली होती. रस्त्यावर टायरला मध्ये मध्ये विश्रांती मिळते. इथे वेग, वळण, ब्रेक, पुन्हा वळण, आणि दर वळणाला रबर आडवं ओढलं जातं. पाच फेऱ्यांनी गाडी आत आली, तेव्हा टायर धगधगत असणार हे मला माहीत होतं. तरीही मी त्यावर तळहात ठेवला!

तापमापक खिशात होता.

मुक्ताच्या मित्राने विचारलं, "काका, किती टेंपरेचर?"

मी म्हणालो, "हात बरा झाला की सांगतो."

*

गुरुवारी मात्र माझ्या "पण-परंतु"ची मलाच भीती वाटली. एक तरुण इंजिनिअर बाजू चिरलेला टायर घेऊन आला. त्याला तिथे ठिगळ हवं होतं. त्याच्या मोबाइलवर कुणीतरी तसं ठिगळ लावतानाचा व्हिडिओही होता.

हसुदादा म्हणाला, "बाजूला ठिगळ लागत नाय. टायर फेका."

मी उगाच तोंड उघडलं, "तत्त्वतः रबर रबराला जोडता येतं, परंतु…"

"बघा! सर म्हणतात जोडता येतं!" तो पोरगा टायर उचलून दुसऱ्या दुकानाकडे निघालासुद्धा. "परंतु"च्या पुढचं त्याने ऐकलंच नाही. हसुदादाने धावत जाऊन त्याला परत आणलं, नवा टायर घ्यायला लावला आणि माझ्याकडे वळला.

"सर, गिऱ्हाईक असंल तवा तुमी आत बसत जा."

त्या दिवशी माझा चहा आत आला.

*

शनिवारी सकाळी मुक्ता उत्तर घ्यायला दुकानात आली. मी दोन पानांचं टिपण तयार ठेवलं होतं. तिने ते हसुदादासमोर मोठ्याने वाचलं. पहिल्या पानावर ठिगळ टिकण्याची कारणं, दुसऱ्यावर न टिकण्याची. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या!

"बाबा, उद्या मी गाडीत पान कुठलं घेऊन बसू?"

हो म्हटलं आणि काही झालं तर? नाही म्हटलं आणि उगाचच अडवलं असलं तर?

हसुदादा हात पुसत म्हणाला, "सर, माझा बा करंज्याच्या बंदरात होड्यांच्या फटी भरायचा. काम झालं की होडीवाला त्याला इचारायचा नाय, पानी आत येईल काय म्हनून. पयल्या फेरीला त्यालाच होडीत बसवायचा. बा बसला, की समदे बसायचे." मग त्याने मुक्ताच्या गाडीचं डावीकडचं दार उघडलं. "उद्या ट्रॅकवर ताईच्या बाजूला तुमी बसाल?"

"नाही!"

आवाज माझाच होता. मी पुढे म्हणालो, "आणि तीही बसणार नाही. हा टायर रस्त्याला ठीक, ट्रॅकला नको. पुढचे दोन्ही नवे घाला."

मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली.

हसुदादाने जॅक गाडीखाली सरकवला. "ताई, चला लवकर! सर 'परंतु' म्हनायच्या आत दोनी टायर बदलू!"