अस्वलासाठी बांधलेल्या पुंगळ्या

ती घटना आठवली की अजूनही तोंड कडू होतं. निवृत्तीआधीची काही वर्षं मी पोलीस खात्यातून टोकियोतल्या आपल्या सरकारी कचेरीत सुरक्षेसाठी प्रतिनियुक्तीवर होतो. तिथे मला तपासाचा अधिकार नव्हता. आपला एखादा नागरिक पोलीस कोठडीत गेला तर त्याला भेटायचं, घरच्यांशी बोलायचं आणि वर अहवाल पाठवायचा, एवढंच काम.

त्सुकुबातल्या एका संस्थेत नोकरीला असलेला आपला एक मराठी शास्त्रज्ञ असाच आत गेला. खबर शेजाऱ्याने दिली होती. हा गृहस्थ गाडीतून कापडात गुंडाळलेली लांब वस्तू काढत असताना कापड सरकलं आणि शेजाऱ्याला बंदुकीची नळी दिसली. पोलीस आले, कपाटातून जुनी रायफल निघाली. जपानमध्ये विनापरवाना रायफल सापडणं म्हणजे माणूस संपल्यातच जमा.

त्याचं म्हणणं सरळ होतं. बायको जपानी. सासरे डोंगरातल्या गावचे, जुने शिकारी. म्हातारपणी घर आवरताना त्यांनी जावयाला सांगितलं, ही सध्या तुझ्याकडे ठेव, मग दोघं मिळून पोलिसांत जमा करू. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देतात, याला रायफल मिळाली. सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून याने मुकाट घेतली.

सासऱ्यांनी मात्र जबाब दिला, "माझी परवान्याची बंदूक माझ्या कपाटात कुलपात आहे. ही मी कधी पाहिलेली नाही." बायकोने सांगितलं, "मला काही माहीत नाही."

रायफलीवर कारखान्याचं नाव नव्हतं, नंबर घासून काढलेला. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, कुठल्याच माहितीतल्या काडतुसाशी जुळेना. तिथल्या तज्ज्ञांनी आत वितळलेला धातू ओतून चेंबरचा साचा काढला होता. काम चोख होतं, पण तो साचा काडतुसांच्या मापांच्या एकाही तक्त्यात बसत नव्हता. मग तपास अधिकाऱ्यांनी ठरवलं की ही रायफल देशाबाहेरून आली असणार, आणि त्या घरात बाहेरून आलेला माणूस एकच होता. तसं सिद्ध झालं तर आधी तुरुंग आणि मग हकालपट्टी.

कोठडीतल्या भेटीत काय बोलणं होतं ते पोलिसांना कळावं लागतं, त्यासाठी मराठी जाणणारी दुभाषी मिळाली हेच नशीब. काचेपलीकडून तो म्हणाला, "साहेब, रोज तेच. स्वतः आणलीस की मागवून घेतलीस? तिसरा ऑप्शनच नाही त्यांच्याकडे."

"बायको येऊन गेली?"

"एकदा. ओतोसानना बरं नाही म्हणाली. म्हणजे वडिलांना. माझी तब्येत नाही विचारली."

खोटं बोलणारा माणूस नवनव्या गोष्टी सांगतो. हा एकच गोष्ट सांगत होता, तीही कंटाळून. माझा विश्वास बसला.

नोकरीत मी संस्थानी घराण्यांच्या कितीतरी शिकारी रायफली मुद्देमालात पाहिल्या होत्या. हौशी शिकारी कधीकधी बाजारातल्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरायचं पितळी नळकांडं, घेऊन तिची मान आणि खांदा आपल्या मर्जीप्रमाणे घडवत आणि चेंबरही तसंच कापून घेत. असल्या काडतुसाला वाइल्डकॅट म्हणतात. ते तक्त्यात सापडत नाही, कारण ते करणाऱ्याला आणि वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून मी त्याच्या वकिलांना सांगितलं, "पुस्तकं मिटा आणि घडवलेल्या पुंगळ्या शोधा. त्या ज्याच्या घरी, त्याची रायफल."

अहवालासाठी घरच्यांशी बोलायला मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. बायको सायकल लावून वर आली. सासूशी फोनवर बोलून बोलून ती बऱ्यापैकी मराठी शिकली होती. तिने किल्ली टेबलावर ठेवली तेव्हा किणकिण झाली. किल्लीला दोन पितळी पुंगळ्या बांधलेल्या होत्या. मी उचलून पाहिल्या. बुडावर साध्या काडतुसाचा छाप, पण खांदा भलताच उभा. साच्याचा फोटो मी पाहिलेला होता.

"हे कुठून आणलंत?"

"ओतोसानने केलं. मी पहिलीत. शाळेच्या रस्त्यावर अस्वल असतं ना, आवाज आला की अस्वल येत नाही."

ती पहिलीत होती तेव्हा तिचा नवरा सांगलीत चड्डी सांभाळत पाटीवर अक्षरं गिरवत असेल. रायफल तेव्हापासून त्या डोंगरातल्या घरात होती. मी तिला ते समजावून सांगितलं. समजावण्याची गरज नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"दिलं तर ओतोसानचं काय होईल?"

"चौकशी होईल. अटकही होईल कदाचित."

"आणि नाही दिलं तर?"

"तुमचे मिस्टर आतच राहतील, ताई."

ती किल्ली घेऊन आत गेली. मला जप्ती करता येत नव्हती. जे पाहिलं ते वकिलांना कळवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पोलिसांकडे गेली आणि पुंगळ्या देऊन आली. चेंबर जुळलं, घोडा ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या पिनचा ठसाही जुळला. सासऱ्यांनी खाली मान घालून कबूल केलं की रायफल गावाकडच्या एका कारागिराने त्यांच्यासाठी बनवली होती. वय पाहून त्यांच्यावर खटला भरला नाही. तपास अधिकाऱ्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला. ज्याला डांबून ठेवलं त्याला मात्र कागदावर सही घेऊन सोडलं.

तोवर संस्थेने त्याचा करार न वाढवण्याचं ठरवलं होतं. परतीच्या विमानाला तो एकटाच निघाला, मी सोडायला गेलो. वाटेत मी त्याला समजावू पाहिलं. अखेर तिनेच सोडवलं, बापाविरुद्ध जाणं सोपं नसतं, थोडा वेळ जाऊ दे.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पहिल्या दिवशी मी पोलिसांना म्हणालो की रायफल सासऱ्यांची आहे. तेव्हा ती शेजारी उभी होती, किल्ली हातात घेऊन."

"वडील आहेत रे तिचे."

"आणि मी कोण होतो?"

साक्षीदार का गप्प राहतो, हे मी नोकरीभर नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं होतं. भीती, लोभ, नातं अशी कारणं मी फळ्यावर लिहीत असे. नातं लिहिताना नेहमी खऱ्या गुन्हेगाराशी असलेलं नातं धरायचो. ज्याचं नुकसान होतं तोही साक्षीदाराच्या घरातलाच असू शकतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. मी त्याची बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि तो आत गेला.